एक चाचणी, एक डोस आणि बार्शी

शाळकरी पोरांच्या बोटांवर उगवणारी चामखीळ आणि बायकांना होणारा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ही एकाच कुळातल्या विषाणूंची करणी आहे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. कुळाचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आजवर सापडलेत. काही हातापायांवर मुक्काम करतात आणि चामखीळ उठवण्यापलीकडे कुणाचं काही बिघडवत नाहीत. चाळीसेक प्रकारांना मात्र जननेंद्रियांची नाजूक त्वचा मानवते. ते शरीरसंबंधातून पसरतात, आणि तेही इतक्या सहज, की लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गांत जगात सर्वाधिक आढळणारा हाच. बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

पत्ता का लागत नाही, हे समजून घेताना मी तरी थक्क झालो. माणसाची जनुकीय संहिता तीनशे कोटी अक्षरांची. या विषाणूची जेमतेम आठ हजारांची. एवढ्याशा भांडवलावर तो काय करतो? डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यातून त्वचेच्या अगदी तळच्या थरात उतरतो, तिथल्या पेशीत शिरतो आणि जवळजवळ काहीच करत नाही. पेशी फोडत नाही, ताप आणत नाही, रक्तात जात नाही. आपली त्वचा तळातून सतत नवी होत वर सरकत असते आणि वरचा थर झडत असतो. विषाणू त्या पेशीबरोबर निमूट वर येतो. नव्या विषाणूंची जुळणी तो पार वरच्या थरात करतो, जिथं पेशी एरवीही मरणारच असते. ती झडते आणि तिच्याबरोबर विषाणूही बाहेर पडतात. मारामारी नाही, सूज नाही. मग प्रतिकारशक्तीला जाग यायची कशी?

तिला जाग येते, पण उशिरा. दहांतले नऊ संसर्ग साधारण दोन वर्षांत आपोआप मावळतात. उरलेल्यांत कधी कधी 16 किंवा 18 क्रमांकाचा प्रकार ठाण मांडून बसतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के या दोघांच्या नावावर आहेत. त्यांच्याकडे ई6 आणि ई7 अशी दोन प्रथिनं असतात आणि ती नेमकी पेशीच्या वाढीला आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात. स्वतःच्या प्रती काढायला विषाणूला पेशीचीच यंत्रं लागतात. ती चालू राहावीत एवढाच त्यात त्याचा मतलब. कॅन्सर त्याच्याही कामाचा नसतो, कारण कॅन्सर झालेल्या पेशीतून सहसा नवे विषाणू बाहेर पडत नाहीत. बाईचा जीव घेणारी ही घटना विषाणूच्या हिशेबात निव्वळ अपघात आहे. हा अपघात घडायला बहुधा दहा ते वीस वर्षं लागतात. आपल्याला काही करता येतं ते याच सावकाशीमुळे.

संशयाला सुरुवात झाली 1842 साली. इटलीतल्या व्हेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाचे डॉक्टर जुन्या मृत्युनोंदी चाळत होते. ब्रह्मचर्य पाळणाऱ्या जोगिणींमध्ये हा कॅन्सर क्वचितच दिसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. गुन्हेगार सापडायला मात्र 1983 साल उजाडलं. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेनं कॅन्सरच्या गाठींतून 16 क्रमांक आणि लगोलग 18 क्रमांक वेगळा काढला. 2008 साली त्यांना नोबेल मिळालं.

जोगिणींच्या या गोष्टीनं एक नुकसानही केलं. ‘लैंगिक संबंधातून होतो’ एवढं कानावर पडलं की घरात पहिला प्रश्न निघतो, कुणाकडून? एचपीव्हीच्या चाचणीकडे याचं उत्तर नसतं. विषाणू गेल्या महिन्यात आला की लग्नाआधी, नवऱ्याकडून आला की त्याच्याकडे बायकोकडून गेला, यातलं काहीही ती सांगत नाही. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. चाचणीचा कागद पुढे करून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करू पाहणाऱ्याला विज्ञान कळलेलं नाही, एवढंच म्हणेन.

कंडोमचं काय? तो जेवढी त्वचा झाकतो तेवढ्याच भागाची हमी घेऊ शकतो, आणि हा विषाणू आजूबाजूच्या उघड्या त्वचेवरही असतो. म्हणून एचपीव्हीचा धोका कंडोमनं कमी होतो, संपत नाही. पण एवढ्यावरून तो बाजूला ठेवू नये. एचआयव्ही आणि परमा यांच्याविरुद्ध त्याचं काम चोख आहे, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. एचआयव्ही रोखणारा कंडोम असा आडवाटेनं कॅन्सरही रोखतो.

आता बार्शी. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावी नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सरची पद्धतशीर नोंद ठेवायला देशात पहिली सुरुवात इथंच झाली, 1987 साली. या रुग्णालयानं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर 1999 मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास हाती घेतला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. गावांचे 52 गट करून ते चार भागांत विभागले. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरमधलं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी; चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. चाचणी आयुष्यात एकदाच, आणि काही आढळलं तर उपचार. मग आठ वर्षं वाट पाहायची.

2009 मध्ये निकाल आला. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या 34,126 बायकांपैकी 34 जणी या कॅन्सरनं गेल्या. चौथ्या गटातल्या 31,488 पैकी 64. एकाच एचपीव्ही चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींना तेवढं साधलं नाही. त्या 64 जणींचा आकडा मला बोचतो. तपासणी न मिळालेल्या गटाबद्दल पुढे नैतिकतेचे प्रश्न विचारले गेले, ते रास्तच होते. आज जग ज्या चाचणीची शिफारस करतं, तिच्या पुराव्यात मराठवाड्यातल्या त्या बायकांचाही वाटा आहे.

दुसरा किस्सा लशीचा. या विषाणूच्या कवचाचं एल1 नावाचं प्रथिन यीस्टमध्ये तयार केलं, की त्याचे 360 रेणू कुणी न सांगता एकमेकांना जोडून घेतात आणि हुबेहूब विषाणूसारखा गोळा बनतो. आत जनुकं मात्र नसतात. दारू न भरलेल्या ॲटमबॉम्बसारखं. वरची सुतळी तीच, फुटण्याची सोय नाही. शरीर या पोकळ गोळ्यालाच शत्रू समजून भक्कम प्रतिपिंडं बनवतं.

अशा लशीचे डोस दोन पुरतील की तीनच हवेत, हे तपासायला 2009 साली भारतात आणखी एक अभ्यास सुरू झाला. 10 ते 18 वर्षांच्या मुली. केंद्रांत बार्शी, पुणे, मुंबईही होती. एप्रिल 2010 मध्ये अचानक सगळं थांबलं. आंध्र आणि गुजरातेतल्या एका वेगळ्या लसप्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे आले. देशातल्या एचपीव्ही लशीच्या सगळ्याच चाचण्यांमधलं लसीकरण बंद झालं आणि या अभ्यासातल्या 4,950 मुलींना एकच डोस मिळालेला होता, पुढचे राहून गेले.

संशोधकांनी या मुलींना सोडून दिलं नाही. वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. 2021 मध्ये छापून आलेले निष्कर्ष असे, की 16 आणि 18 च्या चिवट संसर्गापासून एका डोसनं सुमारे 95 टक्के संरक्षण दिलं, दोन-तीन डोसांइतकंच. ठरवून एकच डोस देण्याचं धाडस 2009 साली कुणी केलं नसतं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या देशी लशीला परवानगी मिळाली.

लस शरीरसंबंध सुरू होण्याआधी, 9 ते 14 वयात दिली तर सर्वात उपयोगी. मुलग्यांनाही ती देता येते. घसा, गुदद्वार आणि शिश्नाचे काही कॅन्सर याच विषाणूचे असतात. आधीच झालेला संसर्ग मात्र लस घालवत नाही, म्हणून तिशी ओलांडलेल्या बाईनं चाचणी करून घ्यायला हवी. भारतात दरवर्षी सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ऐंशी हजार दगावतात. तपासणीच्या टेबलावर पाय वर घेऊन झोपायच्या धास्तीनं कित्येक जणी दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. एचपीव्हीच्या चाचणीत त्याची गरजही राहिलेली नाही. पातळ ब्रश किंवा कापसाची काडी घेऊन बाई स्वतःच आडोशाला जाऊन नमुना घेऊ शकते, आणि पीसीआर पद्धतीनं तपासला तर तो डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो.