फळांच्या केकमधला पाण्याचा हिशोब

फळं आणि क्रीम चीज घातलेला स्पंज केक ओव्हनमधून बाहेर येताना बहुतेकांचा चांगलाच येतो. बिघडतो तो नंतर, रात्रभर फ्रीजमध्ये असताना. लेकीच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा हा केक केला तेव्हा संध्याकाळी तो देखणा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सुरी लावली तर वरचा थर सरकला आणि ताटात गुलाबी पाणी जमलं. कारण साधं होतं. स्ट्रॉबेरीत शंभरातले नव्वद भाग पाणी असतं. काकडीला मीठ लावलं की कोशिंबिरीला पाणी सुटतं, तसंच चिरलेल्या फळाला साखर लागली की पाणी सुटतं, आणि मी तर चिरलेली फोड गोड क्रीममध्ये रात्रभर दडपून ठेवली होती. तेव्हापासून मी या केकची सुरुवात फळापासून करते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जानेवारी-फेब्रुवारीत ती बाजारात भरपूर असते. हे फळ तोडल्यावर पिकत नाही, म्हणून देठापर्यंत लाल झालेलीच घ्यावी. खांद्याशी पांढरी राहिलेली घरी आणून मऊ पडते, गोड होत नाही. धुताना हिरवा देठ तसाच ठेवा, नाहीतर पाणी आत शिरतं. चारशे ग्रॅम फळं पुरतात. निम्मी अख्खी, सुती फडक्यावर कोरडी करून बाजूला ठेवा. उरलेल्यांच्या जाड चकत्या करून त्यांना दोन चमचे साखर लावा आणि अर्धा तास चाळणीत, खाली वाटी ठेवून निथळू द्या. जे पाणी नंतर केकमध्ये सुटणार होतं, ते आताच वाटीत उतरतं. त्या रसात आणखी दोन चमचे साखर आणि तेवढंच पाणी घालून एक उकळी आणा. गार झाला की हाच पाक स्पंजवर लावायचा आहे.

आता स्पंज. बेकिंग पावडर इंग्लंडमध्ये १८४३ मध्ये निघाली. त्याआधीपासून स्पंज केक फुगत होता तो निव्वळ अंड्यांत कोंडलेल्या हवेवर. मी तीच जुनी रीत वापरते. आठ इंची टिनसाठी चार अंडी, १२० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ३० ग्रॅम लोणी, दोन मोठे चमचे दूध. साखर मिक्सरमधून एकदा फिरवून बारीक करा. कॉर्नफ्लोअर घालायचं ते मैद्याचा चिवटपणा कमी करायला.

अंडी आणि साखर एका भांड्यात घेऊन ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर धरा, पण पाण्याला टेकू देऊ नका. सतत ढवळत राहा. बोट घातलं तर चांगलं कोमट लागावं, चटका बसू नये, एवढंच तापवायचं. कोमट अंडं जास्त हवा धरतं आणि साखरही विरघळते. मग खाली उतरवून बीटरने जोरात सहा-आठ मिनिटं फेटा. पिवळा रंग जाऊन मिश्रण सायीसारखं फिकट होतं आणि जवळजवळ तिपटीने वाढतं. बीटर उचलून त्याच्या धारेने वर इंग्रजी आठ काढा. तो चार-पाच सेकंद टिकला तर झालं, लगेच बुडाला तर अजून फेटा. यानंतर घाई असली तरी शेवटची दोन मिनिटं बीटर अगदी हळू चालवा. मोठे बुडबुडे फुटून बारीक, एकसारखे बुडबुडे उरतात, आणि केकची जाळी नाजूक होते ती याच दोन मिनिटांमुळे.

मैदा आणि कॉर्नफ्लोअर तीनदा चाळून, तीन हप्त्यांत घाला. इथे बीटर ठेवून द्या. सिलिकॉनच्या उलथण्याने तळापासून वर आणत, दुसऱ्या हाताने भांडं फिरवत मिसळा. गोल गोल ढवळलं तर हवाही जाते आणि मैदा चिवटही होतो. लोणी दुधात वितळवून कोमट ठेवा, पण थेट ओतू नका. स्निग्धाने फेस बसतो, आणि जड लोणी तळाशी जाऊन तिथे रबरासारखा थर धरतं. दोन पळ्या मिश्रण त्या लोण्यात आधी कालवा आणि मग ते सगळ्यात मिसळा.

टिनला तळाशी आणि कडेने बटर पेपर लावा. ओटीजी १७० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून पंधरा मिनिटं आधी तापवा. केक मधल्या कप्प्यात साधारण अर्धा तास लागतो. आत काय चाललंय ते समजलं तर दार उघडायचा मोह होत नाही. उष्णतेने बुडबुड्यांतली हवा प्रसरण पावते, पाण्याची वाफ होऊन तिची भर पडते आणि केक वर चढतो. त्याच वेळी अंड्यातलं प्रथिन घट्ट होत असतं आणि मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगत असतो. यांच्याच भिंती बुडबुड्यांभोवती उभ्या राहतात. पहिल्या पंचवीस मिनिटांत दार उघडलं, तर भिंती अजून ओल्या असतात आणि केक मधोमध बसतो. बोटाने हलकं दाबल्यावर परत वर आला की केक झाला. बाहेर काढल्याबरोबर टिन वीतभर उंचीवरून ओट्यावर एकदा आपटा. ऐकायला विचित्र वाटेल, पण कोंडलेली गरम वाफ त्याने निघून जाते आणि केक आक्रसत नाही. गार झाला की गुंडाळून रात्रभर ठेवा. ताजा स्पंज कापताना चुरा होतो, दुसऱ्या दिवशी त्याचे स्वच्छ थर निघतात.

क्रीम चीज हे दूध आणि साय विरजून, निवळी काढून केलेलं मऊ चीज. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स या डेअरीवाल्याने १८७२ च्या सुमारास ते विकायला सुरुवात केली. तिथल्या नियमाप्रमाणे त्यात किमान ३३ टक्के स्निग्धांश लागतो. आपल्या चक्क्याचं ते जवळचं नातलग आहे, आणि नातं फक्त चवीचं नाही. चक्क्यात साखर घातली की तो सैल पडतो, हे श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. क्रीम चीजचंही तेच होतं, म्हणून पिठीसाखर बेताने घालायची. क्रीम चीज महाग वाटत असेल तर निम्मं चीज आणि निम्मा चक्का घ्या. म्हशीच्या दुधाचं दही फ्रीजमध्ये रात्रभर टांगा, मग वजनाखाली दाबा आणि पुरणयंत्रातून काढा. चीजचे क्यूब किंवा लसूण घातलेलं स्प्रेड मात्र इथे उपयोगाचं नाही.

दोनशे ग्रॅम क्रीम चीज पन्नास ग्रॅम पिठीसाखरेबरोबर गुठळ्या मोडेपर्यंत फेटा. मग फ्रीजमधलं गार व्हिपिंग क्रीम, दोनशे मिली, थोडं थोडं घालत फेटत राहा. पाकिटावरचा स्निग्धांश वाचून घ्या. २५ टक्क्यांचं साधं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. ३५ टक्क्यांचं लागतं. वनस्पती तेलाचं तयार टॉपिंग पटकन फुगतं, पण त्याच्या गोडीखाली चीजचा आंबूसपणा पार बुडून जातो, म्हणून मी ते वापरत नाही. बीटरच्या रेषा ठळक उमटू लागल्या की थांबा. पुढे फेटलंत तर ते दाणेदार होतं, आणि आणखी फेटलंत तर लोणी सुटायला लागतं.

जोडणीत क्रम महत्त्वाचा. स्पंजचे दोन थर कापा, दोन्हींवर पाक ब्रशने लावा. ओलसर दिसावेत, भिजू नयेत. खालच्या थरावर आधी क्रीमचा पातळ हात फिरवा. स्निग्ध क्रीममुळे फळाचा रस स्पंजात झिरपत नाही. निथळलेल्या चकत्या फडक्याने टिपून त्यावर मांडा, कडेने बोटभर जागा सोडा, वर पुन्हा क्रीम लावा आणि मग दुसरा थर ठेवा. बाहेरून क्रीम लावून चार तास फ्रीजमध्ये ठेवा. अख्ख्या स्ट्रॉबेऱ्या वाढण्याच्या आधी लावा.

एप्रिलपासून स्ट्रॉबेरीच्या जागी हापूस घ्या. घट्ट गराच्या फोडी निथळायचीही फारशी गरज नसते. कच्चा अननस आणि किवी मात्र थेट घालू नका. त्यांतली विकरं दुधाची प्रथिनं तोडतात आणि क्रीम काही तासांत कडू होतं. अननस साखरेत चांगला शिजवून घेतला की ती विकरं निकामी होतात.

वाढण्यापूर्वी वीस मिनिटं केक फ्रीजबाहेर काढून ठेवा, कारण गार असताना स्पंजातलं लोणी कडक झालेलं असतं. झाकून ठेवला तर फ्रीजमध्ये तो दोन दिवस उत्तम राहतो.