गिटची नोंदवही : शिक्षकांना रोज लागणाऱ्या थोड्या आज्ञा



तुमच्या लॅपटॉपमध्ये ‘चाचणी अंतिम’, ‘चाचणी अंतिम २’, ‘चाचणी एकदम अंतिम’ अशा फाइली आहेत का? माझ्याकडे होत्या. मागच्या वर्षी त्यातली चुकीची छापली गेली आणि तिसरीच्या मुलांपुढे दोन प्रश्न कमी असलेला पेपर आला. त्यानंतर मी गिट शिकायला घेतलं.

गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. आधी वापरत होते त्या बिटकीपरची मोफत सोय बंद झाली, म्हणून. आहे ते प्रोग्रामरांचं साधन, पण साध्या मजकुराची कुठलीही फाइल त्यात चालते. मुंबईच्या एक टाइपच्या ‘मुक्ता’ या देवनागरी फॉन्टच्या मूळ फाइलीही गिटमध्येच ठेवलेल्या आहेत.

आपल्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर आठवा. कोणी, कधी, काय नोंदवलं ते तिथं कायम राहतं. गिट फोल्डरसाठी तसंच रजिस्टर ठेवतं. काळ्या खिडकीत त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट इनिट’ एकदाच द्यायचं. (इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं.) सुरुवातीला त्याला तुमचं नाव आणि ईमेल सांगावं लागतं, तेही एकदाच.

पुढे रोजचं काम एवढंच. ‘गिट स्टेटस’ म्हणजे काय बदललंय ते पाहणं. ‘गिट ॲड’ आणि पुढे फाइलचं नाव, म्हणजे कोणता बदल नोंदवायचा ते बाजूला काढणं. मग ‘गिट कमिट -एम’ आणि अवतरणात एक ओळ, की झाली नोंद. ही ओळ मराठीत लिहिली तरी चालते. फक्त ‘दुरुस्ती’ असं लिहू नका, सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. ‘प्रश्न ४ चे गुण २ केले’ असं लिहा. जुन्या नोंदी ‘गिट लॉग --वनलाइन’ने दिसतात. यातल्या कशालाच इंटरनेट लागत नाही. आमच्या बोरी अरबला पावसाळ्यात नेटचा भरवसा नसतो, त्यामुळे मला हे फार सोयीचं पडलं.

‘गिट डिफ’ने नेमकं काय बदललं ते कळतं. पण आपण अख्खा परिच्छेद एकाच ओळीत लिहितो, त्यामुळे एक वेलांटी सुधारली तरी तो पूर्ण परिच्छेद लाल-हिरवा होतो. त्याला ‘--वर्ड-डिफ’ जोडा, फक्त बदललेला शब्द दिसेल. वर्डच्या फाइलींवर मात्र हे नीट चालत नाही. पाठ साध्या मजकुराच्या फाइलीत, युनिकोडमध्ये ठेवा.

आता जपायची जागा. ‘गिट रिस्टोर’ ही आज्ञा फाइल मागच्या स्थितीत नेते. एकदा एक शब्द चुकला म्हणून मी ती दिली आणि संध्याकाळभर लिहिलेला पाठ गेला, कारण मी ॲडही केलं नव्हतं अन् कमिटही. गिट फक्त त्याला दिलेलं सांभाळतं. म्हणून रिस्टोरच्या आधी स्टेटस आणि डिफ पाहायचंच. नोंदवलेली चूक असेल तर ‘गिट रिव्हर्ट’ आणि त्या नोंदीचा क्रमांक द्या. जुनी नोंद न खोडता ती उलटवणारी नवी नोंद होते. रजिस्टरमध्ये आपण खाडाखोड न करता लाल शाईने दुरुस्ती करतो ना, तसंच.

मराठी नावाच्या फाइली स्टेटसमध्ये विचित्र दिसतात. ‘म’च्या जागी \३४०\२४४\२५६ असे आकडे येतात. फाइल बिघडली असं समजून मी घाबरलो होतो. युनिकोडमध्ये आपलं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, त्यांचेच हे आकडे. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ एकदा दिलं की नावं मराठीत दिसतात.

शेवटी ‘गिट पुश’. याने तुमचं रजिस्टर इंटरनेटवरच्या प्रतीत जातं. लॅपटॉप बिघडला तरी काम वाचतं, आणि दुसऱ्या गावचे शिक्षक तुमचा पाठ घेऊन सुधारू शकतात. पण त्या फोल्डरमध्ये मुलांचे गुण, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर ठेवू नका. प्रत सर्वांसाठी खुली असेल अन् चुकून अशी यादी गेली, तर दुसऱ्या दिवशी फाइल काढूनही भागत नाही. कालच्या नोंदीत ती तशीच असते, आणि कोणालाही तिथून वाचता येते. मी मुलांच्या याद्यांचं फोल्डर वेगळं ठेवलंय. त्यात गिट सुरूच केलेलं नाही.