फळीवरचा बोरघाट

मॉडेल रेल्वे म्हटले की बंगल्यात राहणाऱ्यांच्या मुलांचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. विलेपार्ले पूर्वेला दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या आम्हा कुटुंबाचा अनुभव निराळा आहे. भिंतीला ठोकलेल्या सहा फूट लांब आणि सव्वा फूट रुंद फळीवर आमची छोटी आगगाडी गेली तीन वर्षे धावते आहे. ती कशी उभी केली आणि तिच्यातून आमची मुले काय शिकली, हे वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम मापाचा हिशेब. ब्रिटिश मॉडेल रेल्वेत 'ओओ' हे माप सर्वात जास्त चालते. त्यात खऱ्या वस्तूचा सुमारे ७६ वा भाग, म्हणजे एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात. युरोपात मात्र ८७ वा भाग हे 'एचओ' माप रूढ आहे. हा फरक का पडला? ब्रिटनमधील जुने पूल आणि बोगदे अरुंद असल्याने तिथली इंजिने अंगाने लहान असत. एचओ मापात त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. म्हणून इंजिन थोडे मोठे केले, पण रूळ एचओचेच, १६.५ मिलिमीटर अंतराचे ठेवले. ओओ मापात ब्रिटनच्या रुळांतील खरे अंतर जवळजवळ १९ मिलिमीटर यायला हवे आणि आपल्या ब्रॉडगेजचे २२. हा गणिताचा धडा मुलांनी पट्टी घेऊन स्वतः सोडवला. शाळेतले गुणोत्तर-प्रमाण त्यांना त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले.

याच हिशेबाने पार्ल्याच्या फलाटावर थांबणारी बारा डब्यांची लोकल करायची म्हटली तर ती सव्वातीन मीटरांहून लांब होईल. आमची सगळी फळी दोन मीटरही नाही! म्हणून वाफेचे लहान टँक इंजिन आणि दोन आखूड डबे एवढाच संसार आम्ही मांडला. टँक इंजिन म्हणजे पाणी आणि कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहून नेणारे इंजिन. त्याला मागे वेगळा टेंडर लागत नाही, त्यामुळे जागा वाचते.

'फ्लाइंग स्कॉट्समन' (१९२३) किंवा ३ जुलै १९३८ रोजी ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावलेले 'मॅलार्ड' ही नावे शौकिनांना भुरळ घालतात. पण लहान घराला शोभते ते 'जिंटी' नावाने ओळखले जाणारे सहा चाकांचे साधे इंजिन. १९२४ ते १९३१ या काळात अशी ४२२ खरी इंजिने बांधली गेली. त्यातली बरीच इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीची होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीची इंजिनेही याच कारखान्यातून आली होती. तेव्हा आमच्या जिंटीचे आणि मुंबईचे जुने माहेर एकच म्हणायचे!

आता मांडणी. गाडी गोल फिरवायची तर तीन फुटांहून अधिक रुंदी हवी. आमच्याकडे ती नाही. अशा वेळी बोरघाटाने आम्हाला वाट दाखवली. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याच्या खाली डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. म्हणून तेथे 'रिव्हर्सिंग स्टेशन' बांधले. कर्जतकडून आलेली गाडी तेथे थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने वर चढायची. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर ते स्थानक बंद पडले. जागेची अडचण होती तिथे इंजिनिअरांनी हा तोडगा काढला, आणि आमचीही अडचण तीच होती. फळीच्या एका टोकाला स्टेशन, तेथून एक रूळ खाली कर्जतकडे आणि दुसरा वर लोणावळ्याकडे. काटे फक्त तीन लागतात. एक दोन मार्ग जोडायला आणि दोन इंजिनाला डब्यांच्या बाजूने पुढे काढायला. घाटाचा चढ ३७ ला १ होता, म्हणजे मीटरभर रुळात पावणेतीन सेंटिमीटरची उंची. थर्माकोलच्या पाचरी कापून तो चढ मुलांनीच केला. दोन डबे घेऊन इंजिन तो बिनतक्रार चढते.

वीज रुळांतूनच जाते. कंट्रोलर घरातील विजेचे १२ व्होल्टपर्यंतच्या डी. सी. प्रवाहात रूपांतर करतो. एका रुळातून प्रवाह इंजिनात शिरतो आणि दुसऱ्यातून परततो. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, धन-ऋण टोके बदलली की गाडी उलट जाते. आमच्या पश्चिम रेल्वेच्या लोकलही १९२८ पासून डी. सी. विजेवरच धावत होत्या, फक्त १,५०० व्होल्टवर. २०१२ मध्ये त्या पूर्णपणे ए. सी. वर गेल्या. कंट्रोलरचा प्लग मात्र मोठ्या माणसानेच लावावा.

मुंबईच्या दमट हवेत रूळ लवकर काळे पडतात आणि इंजिन अडखळते. आठवड्यातून एकदा स्पिरिटमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने ते पुसावेत. प्लायवूडला खालून-वरून रंगाचा हात द्यावा, म्हणजे पावसाळ्यात ते फुगत नाही. खडीसाठी इमारतीच्या कामावरची कच चाळणीने चाळून धुतली आणि पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवली. इंजिन आणि रूळ परदेशी बनावटीचे असल्याने महाग पडतात. आम्ही ते वापरलेले घेतले आणि बाकी सगळे घरी केले.

स्टेशन झाले, बोगदा झाला, झाडे झाली. तेव्हा धाकटीने विचारले, "आई, आपल्या रेल्वेत आजोबा कुठे आहेत?"

तिचे आजोबा गँगमन होते. उन्हापावसात रुळाची देखभाल करण्यात त्यांचे आयुष्य गेले. विकतच्या संचात साहेबी टोपीचा स्टेशनमास्तर मिळतो, छत्रीवाली मडम मिळते. डोक्याला फडके गुंडाळलेला, खांद्यावर पहार घेतलेला आपला गँगमन मिळत नाही.

इतिहासातही तसेच घडले आहे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट खोदला गेला तेव्हा एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. अपघातांत आणि पटकीच्या साथींत कितीतरी माणसे दगावली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी काम पुढे नेले, हे पुस्तकांत नावानिशी सापडते. ज्यांनी २५ बोगदे फोडले त्यांची नावे सापडत नाहीत.

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्याला साधा हमाल म्हणूनही सहसा घेत नसत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागे आणि तेथे शिवाशीव आडवी येई. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, असे बाबासाहेबांनी सांगितले ते याच परिषदेत.

हे सारे आम्ही मुलांना फळीसमोर बसवून सांगितले. मग तांब्याच्या तारेचा सांगाडा करून, वर एम-सीलचा लेप देऊन आठ गँगमन घडवले. साडेपाच फुटी माणूस या मापात जेमतेम २२ मिलिमीटरचा होतो. कुणाच्या हाती पहार, कुणाच्या हाती फावडे. पुढे लाल झेंडी घेऊन उभे आहेत ते आजोबा. गाडी सोडण्यापूर्वी रूळ तपासून त्यांची परवानगी घ्यायची, हा नियम मुलांनीच केला आहे.

मोठी मांडणी पाहायची असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते सुरू झाले. तेथे सिग्नलांसह एक आख्खे छोटे शहरच हलते-चालते दिसते. मुलांना सुट्टीत जरूर न्यावे. आणि घरी परतल्यावर एक फळी मोकळी करून द्यावी. रूळ थोडे असले तरी चालतील, पण त्या रुळांवर काम करणारी माणसे आधी उभी करावीत.