विषयाचा भाव आणि विषयाचे मोल

पदवीच्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी मला एक तक्ता दाखवला. मराठीत स्वतःचे संकेतस्थळ सुरू करण्याचा त्याचा विचार होता. एका रकान्यात विषय होते आणि दुसऱ्यात जाहिरातींतून अपेक्षित उत्पन्न. गृहकर्ज आणि आरोग्यविमा सर्वांत वर, गोव्याच्या जत्रांतील मराठी नाटके अगदी तळाशी. "सर, नाटकांवर लिहायला मला आवडेल, पण त्याला भाव नाही," तो म्हणाला. हा भाव कोण आणि कसा ठरवतो, हे आपण समजून घ्यायला हवे.

मराठी नियतकालिकांना जाहिरात नवी नाही. दिवाळी अंक तर तिच्याच आधारावर तगले. मात्र तेथे जाहिरातदार पान विकत घेतो. दर ठरतो तो खप, रंग आणि पानाची जागा यांवरून. शेजारी कथा आहे की समीक्षा, याने त्यात सहसा फरक पडत नाही. संकेतस्थळावर हे गणित बदलते. गूगलने २००३ मध्ये सुरू केलेल्या अ‍ॅडसेन्ससारख्या व्यवस्थेत यंत्र पानावरचा मजकूर वाचून विषय ओळखते, वाचकाचे ठिकाण आणि आवडनिवड यांचाही अंदाज घेते. मग पान उघडता उघडताच त्या जागेसाठी जाहिरातदारांचा लिलाव होतो. त्यातून आलेल्या रकमेचा एक वाटा संकेतस्थळाच्या मालकाला मिळतो.

एक गृहकर्जदार मिळाला की बँकेला वर्षानुवर्षे व्याज मिळते. म्हणून ती मोठी बोली लावू शकते. जत्रेतील नाटकाच्या वाचकाला विकण्यासारखे कोणाकडे फारसे काही नसते. म्हणजे तक्त्यातील आकडा लेखनाची किंमत सांगत नाही, तो वाचकाच्या संभाव्य खरेदीची किंमत सांगतो. इंग्रजी पानांसाठी बोली लावणारे अधिक, मराठीसाठी कमी. त्यामुळे दोन्ही भाषा येणारा तरुण आपोआप इंग्रजीकडे ढकलला जातो.

केवळ हिशेबासाठी समजू या की हजार वाचनांमागे कर्जाच्या पानाला १०० रुपये मिळतात आणि नाटकाच्या पानाला १०. महिन्याला ५,००० रुपये मिळवायचे तर पहिल्याला ५० हजार वाचने लागतील, दुसऱ्याला ५ लाख. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख आहे. नाटकांवरील लेखन या मार्गाने पोट भरणार नाही, हे उघड आहे.

परंतु वरच्या ओळीही वाटतात तितक्या सोप्या नाहीत. जेथे भाव चढा, तेथे बँका आणि मोठी संकेतस्थळे आधीच ठाण मांडून बसलेली असतात. शोधयंत्रात विसाव्या क्रमांकावर असलेले पान कोण उघडतो? दर कितीही असला, तरी वाचनेच नसतील तर गुणाकार शून्याच्या आसपासच राहतो.

याचा अर्थ कर्जावर लिहू नये असा नाही. तारण, मुद्दल, हमीदार, परतफेड असे नेमके शब्द मराठीत असताना या विषयांवरचे पुष्कळ लेखन यांत्रिक भाषांतरासारखे वाचावे लागते. कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा मराठीत कोणी लिहिले, तर ती भाषेची सेवाच होईल आणि थोडे उत्पन्नही मिळेल. तळाच्या विषयांची जबाबदारी मात्र जाहिरातीवर टाकता येत नाही. ती अकादमी, महाविद्यालये, ग्रंथालये आणि हौसेने लिहिणारे यांनीच घ्यायला हवी.

त्या विद्यार्थ्याला मी तक्त्यात तिसरा रकाना आखायला सांगितले: 'मी लिहिले नाही, तर कोण लिहील?' गृहकर्जासमोर त्याने भराभर सात-आठ नावे लिहिली. नाटकांसमोर तो थांबला. त्याच्या गावात जुन्या नाटकांच्या हस्तलिखित नकला एका वृद्ध नटाच्या पेटीत आहेत आणि त्यांतील काहींना वाळवी लागली आहे, हे त्याने मला तेव्हा सांगितले. पुढच्या रविवारी तो त्यांची छायाचित्रे काढायला जाणार आहे. कर्जावरचा पहिला लेखही त्याने लिहायला घेतला आहे.