भोक पाडण्याआधी

कापड चुकीचे शिवले तर टाका उसवता येतो आणि वरून इस्त्री फिरवली की सुईची खूणही राहत नाही. चामड्याला ही सोय नाही. आरीने एकदा पाडलेले भोक बुजत नाही, आणि कटर घसरून उठलेला चरा पॉलिशखालूनही डोकावतो. म्हणून छंदापुरते पाकीट किंवा पट्टा करायचा असला, तरी कामाचा निकाल शिवणाच्या बराच आधी, चामडे निवडताना आणि पुठ्ठ्यावर आखणी करताना लागलेला असतो. नवशिक्यांचा बहुतेक पैसा अवजारांवर जातो. तो आधी चामड्यावर जायला हवा.

बाजारातले चामडे मुख्यतः दोन रीतींनी कमावलेले असते. जुनी रीत वनस्पतींची. बाभळीची साल, हिरडा किंवा तरवडाची साल यांतले टॅनिन कातड्यात आठवडेच्या आठवडे मुरवले जाते. कोल्हापुरी चपलेचे चामडे असेच तयार होते. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली आणि काम आठवड्यांवरून दिवसांवर आले. बुटांचे वरचे भाग, जाकिटे, सोफ्याची गवसणी हे बहुतेक सगळे क्रोमचे.

हातकामाला या दोहोंतला फरक फार जाणवतो. वनस्पतींनी कमावलेले चामडे ताठ असते. ओले केल्यावर त्यावर ठसा उमटतो, दिलेला आकार ते धरून ठेवते आणि त्याची कड घासून काचेसारखी गुळगुळीत होते. क्रोमचे चामडे मऊ आणि लवचिक असते, पाण्याला फारसे दबत नाही, पण त्यावर ठसा टिकत नाही आणि कड कितीही घासली तरी तिचे तंतू सुटेच राहतात. ओळखायचे तर कापलेली कड पाहावी. क्रोमच्या चामड्यात मधला थर बहुधा निळसर-राखाडी दिसतो, तर वनस्पतीच्या चामड्यात आरपार तांबूस-तपकिरी. रंग न दिलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो लगेच मुरून डाग गडद झाला, तर ते बहुधा वनस्पतीचे. पहिल्या पाकिटासाठी हेच घ्यावे.

या चामड्याचे लोखंडाशी मात्र वाकडे आहे. ओला तुकडा लोखंडी ऐरणीवर ठेवला किंवा पोलादी पट्टी त्यावर विसरली की काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई होत असे, तीच ही रासायनिक क्रिया. ताजा डाग लिंबाच्या रसाने बराच उतरतो.

चामडे चौरस फुटावर विकले जाते आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगितली जाते. मुंबईत धारावीचा चामडेबाजार यासाठी सोयीचा आहे. तिथे उरलेले तुकडेही मिळतात आणि शिकायला ते पुरेसे असतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे स्थानिक माल मुख्यतः म्हशीचा आणि बकरीचा. म्हशीचे चामडे जाड आणि खरबरीत दाण्याचे, पट्ट्याला उत्तम. बकरीचे पातळ आणि चिवट, आतल्या खणांना बरे. ‘जेन्युइन लेदर’ या छापावर फार विसंबू नये. जाड कातडे आडवे चिरून निघालेल्या खालच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला असला, तरी तेही अखेर चामडेच.

एकाच कातड्याचे सगळे भागही सारखे नसतात. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा, मानेकडे सुरकुत्या, पोटाकडे सैल आणि ताणणारा. पट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापावा. पोटाकडून कापलेला पट्टा काही महिन्यांत लांबतो आणि साप चालल्यासारखा वाकडाही होतो.

मापे आधी पुठ्ठ्यावर उतरवावीत. बँकेचे कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना कडेपासून ३ मिलिमीटरवर शिवण धरली की ६ मिलिमीटर गेले. कार्ड सरकायला आणखी चारेक मिलिमीटर हवेत. म्हणजे खण साधारण ९६ मिलिमीटर रुंद झाला. सुरुवातीला तो थोडा घट्ट वाटला तरी चालेल, चामडे वापराने सैल होतेच. नोटांचे पाकीट करायचे तर पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर आहे. अमेरिकन डॉलरची नोट उंचीला तेवढीच आणि लांबीला सुमारे ६ मिलिमीटर जास्त. त्यामुळे परदेशी पुस्तकांतले डॉलरचे नमुने आपल्या नोटांना जसेच्या तसे चालतात.

घडीच्या पाकिटात मात्र हमखास चूक होते, ती बाहेरचा आणि आतला तुकडा सारख्याच लांबीचे कापण्याची. पाकीट मिटले की बाहेरच्या थराला मोठा वळसा घ्यावा लागतो. दोन थरांच्या मध्यांत दीड ते दोन मिलिमीटर अंतर असेल, तर अर्धवर्तुळाच्या हिशोबाने बाहेरचा तुकडा ५ ते ६ मिलिमीटर जास्त लांब हवा. तो नसला तर पाकीट मिटायचेच नाकारते, किंवा आतले खण फुगून बसतात. जाडीचा हिशोबही इथेच करावा. पट्ट्याला साडेतीन ते चार मिलिमीटर ठीक, पण पाकिटाचे चार थर प्रत्येकी सव्वा मिलिमीटरचे घेतले की कड पाच मिलिमीटरची होते. म्हणून मागचे खण टी अक्षराच्या आकारात कापतात. दिसणारी वरची पट्टी पूर्ण रुंद आणि खाली लपणारा भाग अरुंद, म्हणजे बाजूच्या शिवणीत सगळे थर एकावर एक येत नाहीत. तरीही जाड वाटणारी कड रापीने आतून तासून पातळ करावी.

कापताना जोर नको, धार हवी. पोलादी पट्टी धरून कटर उभा ठेवावा आणि एका दाबात चिरण्याऐवजी दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापावे. बोथट पाते चामडे कापत नाही, ओढते. पाते मधूनमधून चामड्याच्याच उरलेल्या तुकड्यावर पॉलिशची पेस्ट लावून परजावे.

तुकडे जोडायला चांभाराकडचे साधे सोल्यूशन पुरते. ते दोन्ही बाजूंना पातळ लावून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मग दाबायचे. गुळगुळीत बाजू चिकटवायची असेल तर तेवढी जागा आधी खरवडावी, नाहीतर पापुद्रा सुटतो.

शिवणीची रेघ कर्कटकाने आखावी. भोकांसाठी दातेरी छिन्नी मिळते, दोन दातांत ३ ते ४ मिलिमीटर अंतराची. छिन्नी पुढे सरकवताना तिचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवला की अंतर चुकत नाही. ती लोखंडी हातोडीने नव्हे, लाकडी किंवा नायलॉनच्या मोगरीने ठोकावी. छिन्नी नसेल तर जेवणाच्या काट्याने खुणा उमटवून आरीने भोके पाडता येतात. काम धिमे होते, पण होते.

रस्त्यावरचा मोची खाचेच्या आरीने दोरा ओढून त्याच्या फासातून दुसरे टोक काढतो. छंदाच्या कामात दोन सुयांची शिवण जास्त रूढ आहे. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून दोन्ही प्रत्येक भोकातून समोरासमोर काढायच्या. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की ओळ सैल पडते. इथे एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ठेवतो. सुया बोथट हव्यात. टोकदार सुई भोकात आधीच असलेल्या दोऱ्याला भोसकते. दोरा मेण लावलेला, तागाचा किंवा पॉलिएस्टरचा, शिवणीच्या साधारण चौपट लांब घ्यावा. प्रत्येक भोकात आधी कोणती सुई आणि मग कोणती हा क्रम एकदा ठरला की मोडू नये. टाके तिरके आणि एकसारखे दिसतात ते या क्रमामुळे, हाताच्या कसबामुळे कमी. शेवटी दोन-तीन टाके उलटे घालून दोरा कापावा. पॉलिएस्टरचे टोक लायटरने वितळवता येते, तागाचे मात्र जळून जाते.

पट्ट्याची भोके मोजताना कंबर मोजू नये, वापरातला पट्टा मोजावा. बकलाच्या घडीपासून रोज लागणाऱ्या भोकापर्यंतचे अंतर घ्यायचे, ते नव्या पट्ट्याचे मधले भोक. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इंचावर आणखी दोन-दोन.

कडेचे काम शिवण झाल्यावर. कोपरे तासून चारशे आणि मग सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. कड किंचित ओली करून लाकडी दांड्याने किंवा जाड सुती कापडाने चमक येईपर्यंत रगडावी. याला वेळ लागतो, आणि घाई केलेली इथे लगेच दिसते. क्रोमच्या कडेला रगडण्याऐवजी रंग लावतात.

तेल थोडेच लावावे. जास्त तेलाने चामडे लिबलिबीत होते आणि कोकणासारख्या दमट हवेत त्यावर बुरशी लवकर धरते. पावसाळ्यात वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता सुती कापडात, हवेशीर जागी ठेवाव्यात. बुरशी दिसलीच तर घराबाहेर कोरड्या कापडाने पुसून सावलीत वाळवावे. उन्हात वाळवलेले चामडे आखडते, आणि वनस्पतीने कमावलेले असेल तर उन्हाकडच्या बाजूनेच गडद होते.