मॉरिस बंधूंचा पत्रव्यवहार

बखर आणि अस्सल पत्र यांचें तारतम्य या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु अस्सल पत्रांतहि आपण एक भेद मानीत आलों आहों. ज्यावर शिक्कामोर्तब आहे, ज्यांत राजकारण आहे, तें पत्र आपण जपतों. आणि ज्यांत खोकला, उसनवारी व मुलांचीं दुखणीं आहेत, तें 'खासगी' म्हणून रुमालाबाहेर ठेवतों. हा निवाडा फसवा आहे असें आमचें मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ येथें अठराव्या शतकांतील लुईस मॉरिस या वेल्श कवीच्या घरच्या दप्तराचा परिचय करून देत आहों.

वेल्स देशाच्या वायव्येस अँगलसी नांवाचें बेट आहे. तेथील लोक त्यास 'मोन' म्हणतात. या बेटावरील लानविहांगेल त्रेर बेर्द या गांवीं लुईसचा जन्म १७०१ सालीं झाला. गांवाच्या नांवांतील उत्तरपदांचा अर्थ 'कवींचें गांव' असा आहे. (आरंभींचा लकार वेल्श भाषेंत निराळाच घर्षणयुक्त आहे, नागरींत त्यास अक्षर नाहीं, म्हणून साध्या लकारावर भागविलें आहे.) बाप प्रथम सुतारकाम करी, पुढें धान्याचा व्यापार करूं लागला. लुईसच्या पाठीवर रिचर्ड १७०३ मध्यें, विल्यम १७०५ मध्यें व जॉन १७०६ मध्यें झाला. लुईस जमिनीची मोजणी करी, जकातखात्यांत नोकरी करी. वेल्सच्या किनाऱ्यावरील बंदरांचे त्यानें काढलेले नकाशे १७४८ मध्यें छापले गेले. पुढें तो दक्षिणेकडे कार्डिगनशायरमध्यें जाऊन राहिला. रिचर्ड लंडनमध्यें आरमाराच्या कचेरींत कारकून होता; १७४६ व १७५२ या सालच्या वेल्श बायबलाच्या आवृत्त्या त्यानेंच शुद्ध करून काढल्या. विल्यम होलिहेड बंदरीं जकातीच्या कामावर राहिला. जॉन दर्यावर्दी झाला व स्पेनशीं चाललेल्या युद्धांत १७४० मध्यें मरण पावला. हे भाऊ एकाच घरांत नांदले असते, तर आज एक कागदहि उरला नसता.

पत्रांची भाषा पाहण्याजोगी आहे. वेल्श वाक्यांत मध्येंच इंग्रजी येतें, क्वचित् लॅटिनहि डोकावतें. जुन्या मराठी पत्रांतील फारसीची संवय असलेल्या वाचकास याचें नवल वाटणार नाहीं. छापील ग्रंथांतील वेल्श त्या काळीं बहुतेक धर्मपर व प्रौढ असे. अँगलसीचा शेतकरी व त्याची बायको बोलत कशीं, हें कळण्यास या पत्रांसारखें साधन थोडें. विल्यम आपल्या बागेविषयीं, वनस्पतींविषयीं व शिंपल्यांविषयीं लिहितो; लुईस आपल्या छातीच्या विकाराचें गाऱ्हाणें सांगतो; आणि त्याच कागदावर एखाद्या जुन्या कवितेचा पाठ शुद्ध केलेला सांपडतो. तेव्हां टपालाचा आकार पत्राच्या बंदांवर व अंतरावर असे आणि तो बहुधा घेणारा भरी. पार्लमेंटच्या सभासदाची सही पाकिटावर असली तर मात्र तें फुकट जाई. अशा सह्या मिळविण्याची खटपट या पत्रांतून दिसते. म्हणून पाकीट टाकून आंतला मजकूर तेवढा ठेवणाऱ्या संग्राहकानें अर्धें पत्रच टाकलें असें समजावें.

तारखांविषयीं एक सूचना अवश्य आहे. १७५२ पूर्वीं इंग्लंडांत कायद्याचें वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळें त्याआधींच्या एखाद्या पत्रावर फेब्रुवारी १७४० असेल, तर आपल्या गणनेनें तें १७४१ चें असूं शकतें. सुहूर सन व शक यांचा मेळ घालतांना ज्यांनीं एकदां ठेंच खाल्ली आहे, त्यांस अधिक सांगणें नको.

१७५३ मध्यें एस्गेर-म्विन येथील शिशाच्या खाणीच्या वादांत सशस्त्र जमावानें लुईसला धरून कार्डिगनच्या तुरुंगांत टाकिलें. त्याची हकीकत पत्रांत आहे. पण आमच्या दृष्टीनें १७५८ चें एक पत्र अधिक मोलाचें आहे. त्या वर्षीं एव्हन एव्हन्स या तरुण पंडितास 'गोदोधिन' या प्राचीन वेल्श काव्याचें हस्तलिखित आढळलें. त्याच्या सहवासांत बसून लुईसनें एका शाळामास्तर मित्रास ती वार्ता कळविली, व कोलंबसास अमेरिका सांपडली त्या योग्यतेचा हा शोध आहे असें लिहिलें. हर्षाचा भर ओसरण्यापूर्वींच लिहिलेला असा कागद हातीं येणें दुर्मिळ.

आतां खरा वादाचा विषय. गोरोन्वी ओवेन (१७२३–१७६९) हा त्या शतकांतील श्रेष्ठ वेल्श कवि, त्याच बेटावरचा, एका गरीब घरचा. मॉरिस बंधूंच्या मातेनें त्यास लहानपणीं मायेनें वागविलें होतें. ती १७५२ मध्यें वारली तेव्हां त्यानें तिच्यावर विलापकाव्य रचिलें. तो इंग्लंडांत ठिकठिकाणीं अल्प वेतनावर धर्मोपदेशकाचें काम करीत असे, आणि कविता व तीवरील चर्चा मॉरिस बंधूंकडे टपालानें धाडी. वेल्श छंदांत 'कंग्हानेद' नांवाचें बंधन आहे. प्रत्येक चरणांत व्यंजनें ठराविक क्रमानें पुन्हा यावीं लागतात. आपल्याकडे अनुप्रास हा अलंकार आहे, तेथें तो कायदा आहे. या कायद्यांत महाकाव्य बसत नाहीं, ही गोरोन्वीची तक्रार त्याच्या पत्रांतच वाचावी.

पुढें संबंध बिघडले. बंधूंच्या आपसांतील पत्रांत गोरोन्वीच्या मद्यपानाविषयीं व कर्जाविषयीं कठोर उद्गार आहेत. गोरोन्वीच्या पत्रांत दारिद्र्य व आश्रयदात्यांच्या आश्वासनांवर काढलेले दिवस आहेत. केवळ एक बाजू राहिली असती, तर तो व्यसनी तरी ठरला असता, नाहीं तर निष्कलंक हुतात्मा. १७५७ च्या अखेरीस तो व्हर्जिनियास निघाला. वाटेंत जहाजावरच त्याची बायको व एक मूल दगावलें. लुईस १७६५ मध्यें वारल्याचें वर्तमान त्यास फार उशिरां कळलें. १७६७ मध्यें त्यानें लुईसवर विलापकाव्य लिहून रिचर्डकडे पाठविलें. ज्यानें आपणांस घरच्या पत्रांतून बोल लावले, त्याच्यावरचें हें काव्य आहे. अर्थात् गोरोन्वीनें तीं पत्रें पाहिलीं नव्हतीं. दोन्ही कागद जवळ ठेवून वाचतांना आम्हांस मॉरिस बंधूंचा राग आला, हें कबूल करतों. पण त्यांच्या पत्रांतील दुसरी ओळ वाचली कीं तो उतरे. १७६३ सालीं बाप व विल्यम दोघेहि गेले, त्यानंतर उरलेल्या दोघा भावांस पत्रें लिहिणें जड झालें असेल.

संस्कृतज्ञ वाचकांस जवळची अशी एक गोष्ट सांगावयाची राहिली. लुईसच्याच गांवीं १६७५ मध्यें विल्यम जोन्स हा गणिती जन्मला. परिघ व व्यास यांच्या गुणोत्तरास 'पाय' हें ग्रीक अक्षर १७०६ मध्यें योजणारा तो हाच. मोझेस विल्यम्स या वेल्श पंडिताच्या १७४२ मधील मृत्यूनंतर त्याचीं हस्तलिखितें या जोन्सनें घेतलीं. १७४९ मध्यें तो वारला व संग्रह मॅकल्सफील्डच्या अर्लाकडे शर्बर्नच्या गढींत गेला. तेथें दीड शतक तो वेल्श अभ्यासकांस जवळजवळ बंदच होता. १८९९ मध्यें सर जॉन विल्यम्स यांनीं तो विकत घेतला, तेव्हां कोठें वाट मोकळी होऊन पुढें अॅबरिस्ट्विथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत आला. गणित्याचा मुलगा बाप गेला तेव्हां अवघा तीन वर्षांचा होता. त्यानेंच १७८४ मध्यें कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापिली व १७८९ मध्यें शाकुंतलाचें भाषांतर प्रसिद्ध केलें. पित्याच्या कपाटांतील वेल्श पोथ्या मात्र कुलुपांतच राहिल्या.

रिचर्डनें १७५१ मध्यें लंडनस्थ वेल्श लोकांची 'कम्रोदोरिऑन' ही मंडळी स्थापिली, व मरतेवेळीं (१७७९) आपलीं हस्तलिखितें लंडनमधील वेल्श शाळेस दिलीं. पुढें तीं ब्रिटिश म्युझियममध्यें गेलीं. बंधूंचीं पत्रें मात्र अनेक हातीं विखुरलीं. जे. एच. डेव्हिस यांनीं तीं दोन खंडांत १९०७ व १९०९ मध्यें छापलीं, गोरोन्वीचीं १९२४ मध्यें. तरीहि बरीच राहिलीं होतीं. ह्यू ओवेन यांची पुरवणी १९४७ व १९४९ मध्यें निघाली, म्हणजे लुईसच्या मृत्यूनंतर एकशें ब्यायशीं वर्षांनीं तिचा पहिला भाग वाचकांच्या हातीं आला.