विश्लेषण : घरातील रेडॉन वायू कसा मोजतात? तळघर असलेल्या घरांसाठी ही चाचणी का महत्त्वाची?

अमेरिकेत घर विकत घेताना छप्पर, वायरिंग, वाळवी यांच्या तपासणीबरोबर यादीत आणखी एक नोंद असते : रेडॉन चाचणी. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या राज्यांत तर ती हमखास असते. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. त्यामुळे तो घरात आहे की नाही, आणि असल्यास किती, हे कळण्याचा मार्ग एकच : मोजमाप. मात्र हे मोजमाप ठरलेल्या पद्धतीने झाले नाही, तर हाती येणारा आकडा खोटा दिलासा देऊ शकतो.

रेडॉन घरात येतो कुठून?

माती आणि खडकांत सर्वत्र थोडेफार युरेनियम असते. त्याचा अतिशय संथ गतीने क्षय होत राहतो. या साखळीत युरेनियमपासून पुढे रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. साखळीतील बाकीची मूलद्रव्ये घन असल्याने जमिनीतच अडकून राहतात. रेडॉन वायू असल्याने तो मातीच्या पोकळ्यांतून वर येतो. मोकळ्या हवेत तो लगेच विरतो. घराखाली मात्र त्याला वाट मिळते ती तळघराच्या फरशीतील भेगांतून, भिंत आणि फरशीच्या सांध्यातून, नळ आणि ड्रेनेजच्या पाइपांभोवतीच्या फटींतून आणि पाणी उपसण्याच्या खड्ड्यातून.

थंड प्रदेशात यात आणखी भर पडते. हिवाळ्यात घर तापवले जाते, गरम हवा वर चढून छपराकडून बाहेर पडते आणि तळाशी हवेचा दाब किंचित कमी होतो. मग घर जमिनीतील हवा खाली लावलेल्या पंपासारखे आत ओढून घेते. खिडक्या बंद असल्याने ती बाहेरही जात नाही. म्हणूनच तळघरात आणि हिवाळ्यात रेडॉनचे प्रमाण सहसा सर्वाधिक असते.

आरोग्याला धोका कोणता?

रेडॉनचा अर्धायुष्यकाल सुमारे ३.८ दिवसांचा. क्षय झाल्यावर त्यापासून पोलोनियम, शिसे, बिस्मथ यांची अल्पायुषी किरणोत्सारी रूपे तयार होतात आणि हवेतील धूलिकणांना चिकटतात. श्वासावाटे ती फुप्फुसात जाऊन श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात. तेथे पोलोनियममधून बाहेर पडणारे अल्फा कण पेशींतील डीएनएला इजा करतात. अल्फा कण कागदानेही अडतात, त्यामुळे शरीराबाहेर ते फारसे धोकादायक नसतात. आत गेल्यावर मात्र पेशी आणि त्यांच्यामध्ये काहीच आडोसा उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे सुमारे २१ हजार मृत्यू रेडॉनशी संबंधित असतात. धूम्रपानानंतर या कर्करोगाचे ते दुसरे मोठे कारण मानले जाते, आणि धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये पहिले. दोन्ही एकत्र आले की धोका कितीतरी वाढतो. ईपीएच्या कारवाईच्या मर्यादेइतक्या रेडॉनमध्ये आयुष्य काढणाऱ्या एक हजार धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे ६२ जणांना, तर कधीच धूम्रपान न केलेल्या एक हजारांपैकी सुमारे सात जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, असा या संस्थेचा हिशेब आहे. हा धोका वर्षानुवर्षांच्या संपर्काचा आहे. एखाद-दोन रात्री तळघरात झोपल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

घरांतील रेडॉनकडे लक्ष कधी गेले?

खाणकामगारांना होणारा त्रास जुना होता, पण साध्या राहत्या घरात एवढा रेडॉन असू शकतो, हे कळले ते १९८४ च्या डिसेंबरात. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज प्रकल्पात काम करणारे अभियंते स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे तेथील किरणोत्सार तपासणाऱ्या दारावरची घंटा वारंवार वाजू लागली. प्रकल्पातून वीजनिर्मिती अजून सुरू झाली नव्हती. एके दिवशी ते कामाला लागण्यापूर्वीच या दारातून गेले, तरीही घंटा वाजली. म्हणजे किरणोत्सार प्रकल्पातून घरी जात नव्हता, घरून प्रकल्पात येत होता.

त्यांच्या घरातील हवेत रेडॉनचे प्रमाण लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी आढळले. अमेरिकी घरांतील सरासरी १.३ च्या आसपास आहे. कुटुंबाला घर सोडावे लागले आणि उपाययोजना झाल्यावरच परतता आले. युरेनियमचे प्रमाण अधिक असलेल्या ‘रीडिंग प्रॉन्ग’ या खडकांच्या पट्ट्यावर ते घर होते. हा पट्टा पुढे न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कपर्यंत जातो. १९८६ मध्ये न्यू जर्सीतील क्लिंटन गावाच्या एका वसाहतीत शंभरावर घरे तपासली गेली, तेव्हा ती सगळीच मर्यादेबाहेर निघाली. याउलट वॉट्रस यांच्या घराजवळच्या घरात मात्र तशी समस्या नव्हती. जमिनीतील भेगा, पायाची बांधणी आणि हवेचा दाब प्रत्येक घराचा वेगळा असतो. त्यामुळे जिल्ह्याचा नकाशा किंवा शेजाऱ्याचा अहवाल आपल्या घराला लागू करता येत नाही.

किती प्रमाण धोकादायक मानतात?

रेडॉन दोन एककांत मोजतात. अमेरिकेत लिटरमागे पिकोक्युरी, तर इतरत्र घनमीटरमागे बेकेरेल. एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय. एक पिकोक्युरी प्रतिलिटर म्हणजे ३७ बेकेरेल प्रतिघनमीटर. अहवाल वाचताना एकक आधी पाहावे, कारण ‘१००’ हा आकडा एका एककात चालण्याजोगा आणि दुसऱ्यात गंभीर ठरतो.

ईपीएची कारवाईची मर्यादा चार पिकोक्युरी (१४८ बेकेरेल) आहे. दोन ते चार यांच्या दरम्यानही उपायांचा विचार करावा, असा तिचा सल्ला आहे. अमेरिकेतील दर १५ घरांपैकी सुमारे एक घर चारच्या वर असावे, असा तिचा अंदाज आहे. कॅनडा आणि ब्रिटनमध्ये ही पातळी २०० बेकेरेल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेकेरेलची शिफारस केली, आणि ते शक्य नसेल तेथे ३०० च्या पुढे जाऊ नये असे सांगितले. आकडे वेगळे असण्याचे कारण म्हणजे यातला कोणताही आकडा ‘याखाली धोका शून्य’ असे सांगत नाही. प्रमाण वाढते तसा धोका वाढतो. कोठे हस्तक्षेप करणे व्यवहार्य, एवढेच या मर्यादा ठरवतात.

चाचणी कशी केली जाते?

चाचण्यांचे दोन प्रकार. अल्पकालीन चाचणी दोन ते ९० दिवसांची, दीर्घकालीन त्याहून अधिक. अल्पकालीन चाचणीत सर्रास वापरली जाते ती सक्रिय कोळशाची डबी. ती उघडून ठेवायची. कोळसा हवेतील रेडॉन शोषून घेतो. ठरलेल्या दिवशी डबी बंद करून प्रयोगशाळेकडे पाठवायची. हे संच हार्डवेअरच्या दुकानांत किंवा ऑनलाइन काही डॉलरांत मिळतात. काही राज्ये ते सवलतीत किंवा मोफतही देतात.

दीर्घकालीन चाचणीत प्लास्टिकचा छोटा तुकडा असलेला डिटेक्टर वापरतात. अल्फा कण त्यावर आदळून सूक्ष्म ओरखडे उमटवतात. प्रयोगशाळेत ते रसायनाने ठळक करून मोजले जातात. रेडॉन तासागणिक आणि ऋतूगणिक बदलत असल्याने वर्षभराचे खरे चित्र याच चाचणीतून मिळते. कॅनडात किमान तीन महिन्यांची, तीही हिवाळ्यातली, चाचणी करण्याचा सरकारी सल्ला आहे. तिसरे साधन म्हणजे दर तासाची नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मापक. घर तपासनीस बहुधा हेच आणतात. घरगुती वापराचे डिजिटल मापकही मिळतात. त्यांच्या एखाद्या तासाच्या आकड्याने दचकू नये, काही आठवड्यांची सरासरी पाहावी.

चाचणी कुठे चुकते?

पहिली चूक खिडक्यांची. अल्पकालीन चाचणीच्या १२ तास आधीपासून ती संपेपर्यंत खिडक्या आणि बाहेरची दारे बंद असावी लागतात. येण्या-जाण्यापुरते दार उघडल्यास चालते. खिडकी उघडी राहिली की आकडा खाली येतो. वादळी वाऱ्याच्या दिवसांत दोन-तीन दिवसांची चाचणी टाळावी.

दुसरी चूक जागेची. चाचणी घराच्या वापरात असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर करावी. डबी जमिनीपासून किमान ५० सेंटीमीटर उंच, दारे-खिडक्यांपासून सुमारे एक मीटर दूर ठेवावी. स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपडे धुण्याची खोली या जागा टाळाव्यात. तेथील दमट हवा आणि एक्झॉस्ट पंखे मोजमाप बिघडवतात.

तिसरी चूक टपालाची. डबी बंद केल्यावर ती त्याच दिवशी पाठवावी. चार दिवसांत तिच्यातील निम्मा रेडॉन संपलेला असतो. आठवडाभर ती टेबलावर पडून राहिली, तर प्रयोगशाळेला मोजायला फारसे काही उरत नाही.

घर खरेदी करताना काय पाहावे?

येथे पैसा आणि वेळ दोन्हींचा ताण असतो. खरेदीदाराला तपासणीसाठी मोजके दिवस मिळतात, म्हणून दोन दिवसांची चाचणी होते. त्या काळात घरात विक्रेताच राहत असतो आणि खिडक्या त्याच्याच हाती असतात. म्हणून छेडछाड किंवा हवेतील अचानक बदल टिपणारे मापक वापरणारा प्रमाणित तपासनीस निवडणे हिताचे. न्यू जर्सीत हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्याला राज्याचे प्रमाणपत्र लागते. विक्रेत्याने आधी चाचणी केली असेल, तर तिचा अहवाल करार होतानाच खरेदीदाराला देणे तेथे बंधनकारक आहे. तो मागून घ्यावा आणि चाचणी कोणत्या महिन्यात, कोणत्या मजल्यावर झाली हे वाचावे. तळघराचे पुढे पाहुण्यांच्या खोलीत, घरून काम करण्याच्या जागेत किंवा भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांच्या खोलीत रूपांतर करायचे असेल, तर वरच्या मजल्यावरचा आकडा पुरेसा नाही.

प्रमाण जास्त निघाल्यास?

आकडा चार ते आठच्या दरम्यान असल्यास दीर्घकालीन किंवा दुसरी अल्पकालीन चाचणी करून खात्री करावी. आठच्या वर असल्यास दुसरी अल्पकालीन चाचणी लगेच करावी. दोन अल्पकालीन चाचण्यांची सरासरी चार किंवा अधिक आली, तर घर दुरुस्त करून घ्यावे.

त्यासाठी घर पाडावे लागत नाही की सौदा मोडावा लागत नाही. तळघराच्या फरशीला भोक पाडून एक पाइप खाली सोडतात आणि तो छपराच्या वर नेतात. त्यावरील पंखा चोवीस तास फरशीखालची हवा ओढून बाहेर टाकतो. म्हणजे घर जमिनीतून हवा ओढण्याआधीच पंखा ती ओढून घेतो. बहुतेक घरांत हे काम एका दिवसात होते आणि खर्च साधारण एक-दोन हजार डॉलरच्या आसपास येतो. खरेदीच्या वाटाघाटीत तो विक्रेत्याकडून वसूलही करता येतो. नुसत्या भेगा बुजवून मात्र भागत नाही. पंखा बसवल्यावर पुन्हा चाचणी करावी आणि पुढे दर दोन वर्षांनी ती करत राहावी. पंखा बंद पडला की रेडॉन पूर्वीच्या पातळीवर परततो.

महाराष्ट्रात काळजी करावी का?

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. राज्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे आणि ग्रॅनाइटच्या तुलनेत त्यात युरेनियम बरेच कमी असते. घरे तापवावी लागत नाहीत, दारे-खिडक्या बराच काळ उघड्या असतात, राहते तळघर विरळाच. इमारतीच्या वरच्या मजल्यांचा तर जमिनीशी संबंधच तुटलेला असतो. स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटच्या ओट्यातून रेडॉन निघतो, पण तो सहसा नगण्य असतो. त्यासाठी ओटा काढून टाकण्याची गरज नाही.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रेडॉन आणि त्याचा भाऊबंद थोरॉन वेगवेगळे मोजणारी छोटी उपकरणे विकसित केली आहेत. देशातील विद्यापीठे घराघरांतील सर्वेक्षणांसाठी ती वापरतात. साधारण तीन महिने ती खोलीत टांगलेली असतात. भारतीय घरांतील बहुतेक मोजमापे १०० बेकेरेलच्या खालीच आली आहेत.

त्यामुळे पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. पण मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया किंवा कॅनडात तळघर असलेल्या घरात राहत असेल, तर पुढच्या फोनवर एक प्रश्न जरूर विचारावा : रेडॉनची चाचणी केली का, आणि केली असल्यास खिडक्या बंद होत्या का?